कथेतून शिक्षण : निर्माता, प्राध्यापक आणि प्रेक्षक



संज्ञापनशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांचे परिचय वाचताना एक नोंद वारंवार आढळते. विद्यापीठात येण्यापूर्वी त्यांनी काही वर्षे दूरचित्रवाणीच्या निर्मितीत घालवलेली असतात. कोणी माहितीपट केलेले असतात, कोणी मुलांसाठी शैक्षणिक मालिका लिहिलेल्या असतात. मराठीच्या प्राध्यापकाने कादंबरी लिहिलेलीच असावी, अशी अट आपण कधी घालत नाही. मग येथे निर्मितीच्या अनुभवाला एवढे मोल का? कॅमेरा हाताळता येतो, संकलन समजते, हे उत्तर अपुरे आहे. ती कौशल्ये कुशल तंत्रज्ञही शिकवू शकतो.

या प्रश्नाचे उत्तर आपण दोन प्रत्यक्ष उदाहरणांतून शोधणार आहोत. पहिले उदाहरण अमेरिकेतील 'सेसमी स्ट्रीट' या बालमालिकेचे आहे आणि दुसरे दूरदर्शनवरील 'हम लोग' या मालिकेचे. दोन्ही ठिकाणी कथा रचणारे आणि तिचा परिणाम अभ्यासणारे एकमेकांच्या संपर्कात आले. 'आम्ही सांगितले' आणि 'समोरच्याला कळले' या दोन गोष्टींत किती अंतर पडू शकते, हे त्या संपर्कातून स्पष्ट झाले. शैक्षणिक कथनाचा विचार करताना हे अंतर सतत नजरेसमोर ठेवावे लागते.

न दिसणारा श्रोता

कथेतून शिकवणे आपल्याला नवे नाही. कीर्तनाची रचनाच पाहा. पूर्वरंगात विषयाचे निरूपण असते आणि उत्तररंगात तोच विषय आख्यानातून मांडला जातो. श्रोते चुळबुळ करू लागले की जाणता कीर्तनकार निरूपण आवरते घेतो, एखादा दृष्टांत देतो, एखादी कोपरखळी मारतो. त्याचा पाठ रोज थोडाथोडा बदलतो, कारण श्रोत्यांचे चेहरे त्याला दिसत असतात. वर्गातील शिक्षकाचेही तसेच असते. दूरचित्रवाणीच्या लेखकाला ही सोय नाही. संहिता लिहिली, चित्रीकरण झाले, प्रक्षेपण झाले. कोणते मूल मधेच उठून गेले आणि कोण भलताच अर्थ घेऊन झोपी गेले, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. प्रेक्षक लाखोंनी वाढतात, पण एकाचाही चेहरा दिसत नाही. पुढे वर्णन केलेल्या साऱ्या युक्त्या म्हणजे हा हरवलेला चेहरा परत मिळवण्याचे प्रयत्न होत.

निर्माते आणि प्राध्यापक एका टेबलाभोवती

'सेसमी स्ट्रीट'ची कल्पना १९६६ मध्ये न्यूयॉर्कमधील एका भोजनप्रसंगी निघालेल्या चर्चेतून पुढे आली. यजमान जोन गँझ कूनी या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर माहितीपटांची निर्मिती करत होत्या. लॉइड मॉरिसेट हे मानसशास्त्राचे अभ्यासक एका प्रतिष्ठानात काम करत होते. शाळेत जाण्यापूर्वीच गरीब घरांतील मुले मागे पडतात, आणि तीच मुले तासन्‌तास दूरचित्रवाणीसमोर बसलेली असतात, या दोन निरीक्षणांची सांगड त्यांनी घातली. जाहिरातींची गाणी मुलांना तोंडपाठ होतात, तर अक्षरे का होणार नाहीत, असा त्यामागचा विचार होता.

१९६८ च्या उन्हाळ्यात हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जेराल्ड लेसर यांच्या मार्गदर्शनाखाली प्रत्येकी तीन दिवसांची पाच चर्चासत्रे झाली. त्यांत मानसशास्त्रज्ञ, शिक्षक, लेखक, चित्रकार आणि दूरचित्रवाणीचे निर्माते एकत्र बसले. निर्मात्यांपैकी काही जण 'कॅप्टन कँगरू' या मुलांच्या लोकप्रिय कार्यक्रमातून आलेले होते. अशा बैठकांत साधारणपणे काय होते, ते तुम्ही जाणता. तज्ज्ञ मंडळी उद्दिष्टांची लांबलचक यादी देतात, कलावंत ती खिशात घालतात आणि पुढे आपल्याला हवे तेच करतात. येथे तसे झाले नाही. त्याचे श्रेय मुख्यतः एडवर्ड पामर या संशोधकाला द्यावे लागेल.

मुलांचे अवधान मोजण्यासाठी पामर यांनी एक साधी रीत वापरली. मुलासमोर दूरचित्रवाणी संच ठेवायचा, त्यावर कार्यक्रमाचा तुकडा लावायचा, आणि शेजारी एका पडद्यावर पारदर्शिका दाखवायच्या. पारदर्शिका साधारण साडेसात सेकंदांनी बदलत असे. प्रत्येक बदलाच्या वेळी मुलाची नजर संचावर आहे की शेजारच्या पडद्यावर गेली आहे, याची नोंद निरीक्षक करत. त्यातून त्या तुकड्याचा आलेख तयार होई. कोणत्या क्षणी लक्ष उडाले, कोणत्या क्षणी परतले, हे लेखकाला कागदावर दिसे. जे कीर्तनकाराला क्षणात दिसते, ते मिळवण्यासाठी एवढा खटाटोप करावा लागला. मात्र या आलेखाशी हुज्जत घालता येत नव्हती. 'मला वाटते' असे म्हणणाऱ्या प्राध्यापकाला आणि 'माझा अनुभव सांगतो' असे म्हणणाऱ्या निर्मात्याला, दोघांनाही मुलांची नजर पाहावी लागे.

याचा पहिला मोठा प्रत्यय जुलै १९६९ मध्ये आला. तासाभराचे पाच चाचणी भाग तयार करून फिलाडेल्फियातील मुलांना दाखवण्यात आले. बालमानसशास्त्रज्ञांनी असा सल्ला दिला होता की, कल्पित आणि वास्तव यांची सरमिसळ करू नये. मुलांचा गोंधळ उडेल. म्हणून बाहुल्यांचे प्रवेश वेगळे आणि रस्त्यावरील खऱ्या माणसांचे प्रवेश वेगळे ठेवलेले होते. चाचणीत दिसले असे की, बाहुल्या असेपर्यंत मुले खिळून राहतात आणि रस्ता आला की त्यांचे लक्ष जाते. कार्यक्रमाचा कणा ठरावा असा जो भाग, तोच सर्वांत कमकुवत निघाला. प्रक्षेपण नोव्हेंबरमध्ये सुरू व्हायचे होते. निर्मात्यांनी तज्ज्ञांचा सल्ला बाजूला ठेवून माणसांबरोबर रस्त्यावर वावरतील अशी पात्रे घडवून घेतली. बिग बर्ड हा उंच पिवळा पक्षी आणि कचऱ्याच्या डब्यात राहणारा तिरसट ऑस्कर ही ती पात्रे होत. १० नोव्हेंबर १९६९ रोजी मालिका सुरू झाली आणि हीच मिसळण तिची ओळख ठरली.

भाषाशिक्षणाच्या दृष्टीने आणखी एक निरीक्षण नोंदवण्याजोगे आहे. जेम्स अर्ल जोन्स हे भारदस्त आवाजाचे नट एका तुकड्यात इंग्रजी मुळाक्षरे म्हणतात, तीही अतिशय संथपणे. पडद्यावर अक्षर आधी येते, मग दीर्घ विराम असतो आणि नंतर उच्चार येतो. पहिल्यांदा पाहताना मुले त्यांच्यामागून अक्षर म्हणत. पुन्हा पाहिल्यावर त्यांच्याबरोबर म्हणू लागत. आणखी पाहिल्यावर त्यांच्या आधीच ओरडून सांगत. शिकण्याचे काम त्या विरामात होत होते. आपल्याकडे बाराखडी घोकून घेणारे जुने गुरुजी मधेच थांबून मुलांकडे पाहत, तेव्हा तेही याच विरामाचा उपयोग करत असत, असे मला वाटते.

'गेले' म्हणजे कुठे गेले?

आता या मालिकेतील सर्वांत अवघड प्रसंगाकडे वळू. मराठीच्या विद्यार्थ्याने तो विशेष लक्षपूर्वक अभ्यासावा, कारण त्यातील पेच मुख्यतः भाषेचा आहे.

रस्त्यावरील दुकानाचे मालक मिस्टर हूपर यांची भूमिका विल ली हे नट करत. डिसेंबर १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. मालिकेपुढे नेहमीचे पर्याय होते: दुसरा नट घ्यावा, किंवा हूपर निवृत्त होऊन दूर राहायला गेले असे सांगावे. निर्मात्यांनी ते दोन्ही नाकारले आणि मुलांना मृत्यूविषयी स्पष्ट सांगायचे ठरवले. २४ नोव्हेंबर १९८३ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, तो भाग प्रक्षेपित झाला. घरातील मोठी माणसे त्या सणाला मुलांजवळ असतील आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देऊ शकतील, हा तो दिवस निवडण्यामागील हिशेब होता.

कथा साधी आहे. बिग बर्डने सर्वांची चित्रे काढलेली असतात. तो ती वाटतो आणि हूपर यांचे चित्र घेऊन त्यांची वाट पाहू लागतो. मोठी माणसे त्याला सांगतात की हूपर मरण पावले आहेत. तो म्हणतो, परत आले की देईन. तेव्हा त्याला समजावले जाते की मेलेले माणूस परत येत नाही. दुकान कोण चालवणार, माझी काळजी कोण घेणार, असे त्याचे प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरे दिली जातात. असे का व्हावे, या प्रश्नावर मात्र कोणी तत्त्वज्ञान सांगत नाही. ते असेच असते, एवढेच सांगितले जाते.

यातील काय वगळले आहे ते पाहा. हूपर आजारी होते, रुग्णालयात होते, असे कोठेही म्हटलेले नाही. तसे म्हटले असते तर आजारी पडलेली आई किंवा रुग्णालयात गेलेले वडीलही परतणार नाहीत, अशी भीती मुलाच्या मनात बसली असती. मृत्यूनंतर काय, याविषयी मालिका मौन बाळगते. तो विषय प्रत्येक घराच्या श्रद्धेवर सोपवलेला आहे. 'झोपी गेले', 'निघून गेले' अशी सौम्य शब्दयोजनाही टाळली आहे. प्रक्षेपणापूर्वी हा भाग लहान मुलांना दाखवून, हूपर परत येणार नाहीत हे त्यांना कळले की नाही, याची पडताळणी करण्यात आली होती.

हाच प्रसंग मराठीत लिहायचा झाला तर? आपल्याजवळ शब्दांची वाण नाही. वारणे, निवर्तणे, निधन पावणे, देवाज्ञा होणे, कैलासवासी होणे, देवाघरी जाणे आणि नुसते जाणे असे कितीतरी पर्याय आहेत. स्पष्ट अर्थाचे क्रियापद मात्र 'मरणे' हे एकच, आणि नेमके तेच आदरणीय माणसाबाबत आपण उच्चारत नाही. 'आजोबा मेले' असे कोणी म्हटले तर कानाला खटकते. 'मेला' आणि 'मेली' हे शब्द तर बायकांच्या बोलण्यात शिवी म्हणून वा लाडाने येतात. उरतात ती सौम्योक्तिपर रूपे, आणि अडचण सुरू होते ती तेथेच. 'आजोबा गेले' या वाक्यातील क्रियापद 'आजोबा गावाला गेले' या वाक्यातील क्रियापदाहून वेगळे नाही. चार वर्षांच्या मुलाला 'जाणे' या क्रियेला जोडूनच 'येणे' ठाऊक असते. 'देवाघरी गेले' असे म्हणून आपण तर त्या वाक्यात ठिकाणही भरतो. मग मूल 'कधी येणार?' असे विचारते. ते हट्ट करत नाही. आपण दिलेल्या वाक्याचा व्याकरणदृष्ट्या योग्य अर्थ लावते.

माझा कल 'वारले' हा शब्द वापरावा याकडे आहे. त्यात आदर आहे आणि प्रवासाची छटा नाही. मुलाला तो अपरिचित असेल, पण अपरिचित शब्दाचा अर्थ विचारला जातो, आणि तो सांगण्याची संधी कथेला मिळते. परिचित शब्दाचा चुकीचा अर्थ लागला तर तो विचारलाही जात नाही. तुमच्या बोलीत याहून चांगला शब्द असू शकेल. त्याचा जरूर शोध घ्या.

पडताळणीने प्रत्येक वेळी लेखकाच्या मनासारखेच उत्तर दिले असे नाही. १९९२ मध्ये याच मालिकेत आईवडिलांच्या घटस्फोटाविषयी एक भाग तयार झाला. स्नफी या लाडक्या पात्राचे आईवडील विभक्त होतात, पण दोघांचेही मुलांवरील प्रेम कायम आहे, असा त्याचा आशय होता. संहिता चांगली, हेतू चांगला, चित्रीकरण पूर्ण. मुलांना दाखवल्यावर मात्र वेगळेच निष्पन्न झाले. आईवडिलांचे भांडण झाले की घटस्फोट होतो, असे काहींना वाटले. वडील मुलांना पुन्हा भेटतील की नाही, याविषयी अनेकांच्या मनात संभ्रम राहिला. 'प्रेम कायम आहे' हे वाक्य संवादात होते, पण मुलांपर्यंत पोहोचले होते ते भांडण. तो भाग कधीही प्रक्षेपित झाला नाही. तयार झालेला, पैसे खर्च झालेला भाग कपाटात ठेवणे किती कठीण असते, याची कल्पना निर्मितीत काम केलेल्या माणसालाच येईल. निर्मितीची पार्श्वभूमी असलेला प्राध्यापक वर्गात आणतो ती ही जाणीव: संहिता हा एक अंदाज असतो आणि तो चुकू शकतो.

या मालिकेवर टीकाही झाली, हे येथे नोंदवले पाहिजे. मालिका अधिक पाहणारी मुले अधिक शिकतात, असे सुरुवातीच्या मूल्यमापनात आढळले होते. १९७५ मध्ये थॉमस कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच सामग्रीची फेरतपासणी करून असा आक्षेप घेतला की, सुस्थित घरांतील मुलांनाही मालिकेचा लाभ होत असल्याने गरीब व सुस्थित मुलांमधील दरी तिच्यामुळे कमी होईलच असे नाही, उलट वाढूही शकेल. कथा उत्तम साधली तरी ती कोणापर्यंत पोहोचते, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

'हम लोग' : आईची व्यक्तिरेखा आणि प्रेक्षक

भारतातही निर्मिती आणि संशोधन यांना एकत्र आणण्याचे प्रयत्न याच सुमारास झाले. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्यात आले. 'साइट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रयोगात कार्यक्रमांबरोबर त्यांच्या परिणामांचाही अभ्यास होत होता. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. मुलांसाठी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम करणारी 'बालचित्रवाणी' ही संस्था पुण्यात १९८४ मध्ये सुरू झाली.

त्याच वर्षी जुलैमध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. तिचे मूळ मेक्सिकोत होते. तेथील मिगेल सबीदो हे रंगभूमीवरून दूरचित्रवाणीच्या निर्मितीत आलेले दिग्दर्शक. कौटुंबिक मालिकेतून साक्षरता, कुटुंबनियोजन असे विषय मांडण्याची पद्धत त्यांनी सिद्धांताच्या आधारे घडवली. तिच्यात तीन प्रकारची पात्रे असतात: इष्ट वर्तन करणारी, अनिष्ट वर्तन करणारी, आणि दोहोंमध्ये घोटाळत अखेरीस वळण घेणारी. प्रेक्षकाने या तिसऱ्या पात्राबरोबर चालावे, अशी अपेक्षा असते. मनोहर श्याम जोशी यांनी हा साचा दिल्लीतील निम्नमध्यमवर्गीय कुटुंबात बसवला. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार प्रेक्षकांशी थेट बोलत. कीर्तनाच्या परिचयामुळे आपल्याला ही रचना ओळखीची वाटावी. क्रम तेवढा उलटा आहे, आख्यान आधी आणि निरूपण नंतर.

सुरुवातीच्या भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश फार उघड होता. प्रेक्षकांना तो रुचला नाही. सुमारे तेरा भागांनंतर तो सौम्य करण्यात आला आणि स्त्रियांचे स्थान, कुटुंबातील सलोखा या विषयांना अधिक जागा मिळाली. त्यानंतर मालिकेने जी पकड घेतली ती १९८५ च्या डिसेंबरात ती संपेपर्यंत सुटली नाही. प्रेक्षकांकडून आलेल्या पत्रांची संख्या चार लाखांच्या घरात गेल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे.

एव्हरेट रॉजर्स आणि अरविंद सिंघल या संज्ञापनाच्या प्राध्यापकांनी या मालिकेचा पुढे सविस्तर अभ्यास केला. पत्रांचे विश्लेषण केले आणि दिल्ली, पुणे व मद्रास या भागांत पाहणीही केली. त्यांचा एक निष्कर्ष प्रत्येक लेखकाने ध्यानात ठेवावा असा आहे. कुटुंबातील आई भागवंती ही सतत सोसणारी, नवऱ्याचे आणि सासूचे बोलणे निमूट ऐकून घेणारी स्त्री आहे. असे वागू नये, हे दाखवण्यासाठी ती रचली होती. पाहणीत मात्र अनेक प्रेक्षकांनी, त्यांत स्त्रियाही होत्या, अनुकरणीय व्यक्तिरेखा म्हणून भागवंतीचेच नाव घेतले. लेखकाने इशारा म्हणून उभी केलेली बाई आदर्श म्हणून स्वीकारली गेली.

याचे कारण प्रेक्षकांच्या अडाणीपणात शोधणे हा आळस होईल. भाषेकडे पाहा. मराठीत अशा स्त्रीला आपण 'सोशिक' म्हणतो, आणि 'सोशिक' हे विशेषण दोष सांगण्यासाठी क्वचितच वापरले जाते. 'गरीब गाय' म्हणताना कीव असते, पण तिलाही मायेचा ओलावा असतो. मुकाट्याने सोसणे हीच चूक आहे, असे सांगणारा रोजच्या वापरातला शब्द स्त्रीच्या संदर्भात मला चटकन आठवत नाही. प्रेक्षक पडद्यावरची बाई पाहतो तेव्हा तिला नाव देण्यासाठी त्याच्याजवळ जो शब्द तयार असतो, त्या शब्दातच निवाडा दडलेला असतो. लेखकाने संवादांत कितीही उलट सुचवले तरी तो शब्द आधी पोहोचतो. अशोककुमारांचे अखेरचे निरूपणही त्यापुढे तोकडे पडले. अशी व्यक्तिरेखा रचताना तिच्या सोसण्याची किंमत दुसरे कोणी, उदाहरणार्थ तिची मुलगी, मोजते आहे हे प्रसंगातून दिसावे लागते.

स्वयं-अध्ययनासाठी

आजोबांच्या मृत्यूनंतर घरी आलेल्या पाच वर्षांच्या नातवासाठी तीन मिनिटांचा एक प्रवेश लिहा. त्यात निवेदक नको, उपदेश नको. लिहून झाल्यावर तो शेजारच्या किंवा नात्यातल्या लहान मुलाला, त्याच्या आईवडिलांच्या संमतीने, वाचून दाखवा. 'आवडले का?' असे विचारू नका. त्याला मुले 'हो' म्हणतात. 'आजोबा आता कुठे आहेत? उद्या काय होईल?' असे विचारा आणि त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत, एकही शब्द न सुधारता, उतरवून घ्या. मग तुमच्या प्रवेशातील ज्या शब्दामुळे ते उत्तर आले, त्याखाली रेघ ओढा आणि तो प्रवेश पुन्हा लिहा. दोन्ही खर्डे आणि मुलाचे उत्तर संपर्कसत्राला सोबत आणावे.